गुलामगिरीच्या कथा आणि तीन बालवाचक

मँचेस्टर शहरातील एका व्यापारी घरातला हा प्रसंग आहे. काळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा. घरातील कर्ता पुरुष १८५३ मध्ये अकाली निवर्तला होता. मागे राहिलेल्या पत्नीने पाच मुलांचा सांभाळ करीत पतीचे दुकान स्वतः चालविण्यास घेतले होते. घरसजावटीच्या वस्तूंचा तो व्यापार. एके दिवशी ही माउली खोलीत आली आणि समोरचे दृश्य पाहून दारातच थबकली. तिची शांत, समंजस म्हणून ओळखली जाणारी लहानगी मुलगी एका काळ्या बाहुलीवर चाबूक ओढत होती. बाहुली मेणबत्त्यांच्या उंच दिवठाणाला बांधलेली होती. चाबूक खेळण्यातलाच होता. पण मुलीचा आवेश खरा होता.

मुलीने नुकतेच एक पुस्तक वाचले होते. अमेरिकेतील लेखिका हॅरिएट बीचर स्टो यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही ती कादंबरी. बाहुली म्हणजे त्या कथेतील गुलाम टॉम. मुलीने स्वतःकडे भूमिका घेतली होती ती टॉमला मरेपर्यंत फटके मारविणाऱ्या मालकाची. आईला धक्का बसणे स्वाभाविक होते. जी मुलगी टॉमच्या मृत्यूने रडते, तीच त्याला मारण्याचा खेळ कसा खेळते?

ही मुलगी म्हणजे फ्रान्सिस हॉजसन. पुढे विवाहानंतर फ्रान्सिस हॉजसन बर्नेट या नावाने ती जगप्रसिद्ध झाली. ‘लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय’ आणि ‘द सीक्रेट गार्डन’ या तिच्या पुस्तकांवर मुलांच्या कित्येक पिढ्या वाढल्या. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या बालपणीच्या आठवणींत तिने हा प्रसंग स्वतःच नोंदवून ठेवला आहे. विशेष म्हणजे ते सारे पुस्तक तिने स्वतःविषयी तृतीय पुरुषात, एका ‘लहान व्यक्ती’ची कहाणी म्हणून लिहिले. बालपणीच्या काही गोष्टी दुरून पाहिल्या तरच लिहिता येतात, असे तिला वाटले असावे.

गुलामगिरी आणि मुक्ती या विषयांवरील ऐतिहासिक कथा मुलांच्या हाती द्याव्यात की नाहीत, हा प्रश्न आज इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांच्या पालकांपुढेही येतो. शाळेच्या ग्रंथालयातून मूल असे एखादे पुस्तक घरी आणते, दोन दिवस गप्प गप्प राहते आणि मग रात्रीच्या जेवणाच्या वेळी एकाएकी विचारते, “माणसाची किंमत कोण ठरवत असे?” अशा वेळी मोठ्यांची तारांबळ उडते. ‘ते फार पूर्वीचे आहे, तिकडचे आहे’ असे म्हणून विषय बदलण्याकडेच बहुतेकांचा कल असतो. मुले अशा कथा वाचून नेमके काय करतात, याची इतिहासात नोंदली गेलेली तीन उदाहरणे पाहिली, तर या प्रश्नाकडे अधिक शांतपणे पाहता येईल. फ्रान्सिस हे त्यांपैकी एक. दुसरे उदाहरण तिच्याही आधीचे आहे.

पन्नास सेंटांचे पुस्तक

इ. स. १८३० च्या सुमारास अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात फ्रेडरिक नावाचा बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा राहत होता. तो स्वतःच गुलाम होता. आपली जन्मतारीख त्याला ठाऊक नव्हती. गुलामांच्या मुलांना ती सहसा सांगितली जात नसे. मालकिणीने त्याला आरंभी मुळाक्षरे शिकविली. मालकाला हे कळताच त्याने ते थांबविले. शिकलेला गुलाम गुलाम म्हणून राहावयाचा नाही, अशी त्याची भीती होती. फ्रेडरिकने ते बोलणे ऐकले आणि मालक ज्या गोष्टीला भितो तीच आपल्या सुटकेची वाट आहे, हे त्याने ओळखले.

पुढचे शिक्षण त्याने कसे मिळविले, ते व्यापारी घरातील मुलांनी आवर्जून ऐकावे. मालकाच्या घरी भाकरीची टंचाई नव्हती. शेजारच्या गल्लीत गरीब गोरी मुले खेळत; त्यांना पुष्कळदा पोटभर मिळत नसे. फ्रेडरिक खिशात पावाचे तुकडे घेऊन बाहेर पडे. एक तुकडा द्यायचा आणि त्याच्या मोबदल्यात एक धडा घ्यायचा, असा हा सौदा होता. पुढे आत्मचरित्र लिहिताना त्याने त्या मुलांची नावे मात्र मुद्दाम दिली नाहीत. गुलामाला वाचायला शिकविणे हा त्या समाजात जवळजवळ अक्षम्य अपराध मानला जात असे. जुन्या मित्रांना त्याची झळ लागू नये, एवढी काळजी त्याने घेतली.

बूट पॉलिश करून साठविलेल्या पन्नास सेंटांत त्याने एक पुस्तक विकत घेतले. ‘द कोलंबियन ऑरेटर’ हे त्याचे नाव. केलेब बिंगहॅम यांनी १७९७ मध्ये शाळकरी मुलांच्या वक्तृत्वासाठी तयार केलेला हा उताऱ्यांचा संग्रह होता. त्यात मालक आणि गुलाम यांच्यातील एक काल्पनिक संवाद होता. पळून गेलेला गुलाम पुन्हा पकडला गेला आहे. मालक त्याला कृतघ्न म्हणतो. गुलाम एकेका मुद्द्याला शांतपणे उत्तर देतो. अखेरीस मालक निरुत्तर होतो आणि त्याला मुक्त करतो. प्रत्यक्षात असे क्वचितच घडत असेल. पण ती कथा होती, आणि कथेत ते घडू शकत होते.

फ्रेडरिकने तो संवाद पुनःपुन्हा वाचला. आपल्या मनात जे अस्पष्ट घोळत होते त्याला शब्द मिळाल्याचे समाधान त्याला लाभले. त्याबरोबरच एक यातनाही सुरू झाली. आपली स्थिती आता त्याला स्पष्ट दिसू लागली आणि तिच्यातून बाहेर पडण्याचा मार्ग मात्र दिसेना. वाचायला शिकणे हा वर नसून शाप आहे की काय, असे आपल्याला कधी कधी वाटे, असे त्याने प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. वाचनाने मूल सुखीच होते, असे मानणाऱ्यांनी ही कबुली ध्यानात घ्यावी.

३ सप्टेंबर १८३८ रोजी हा तरुण बाल्टिमोरहून निसटला. गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यातील अग्रणी फ्रेडरिक डग्लस तो हाच. पळून आल्यावरही कायद्याच्या दृष्टीने तो मालकाची मालमत्ताच राहिला होता. इंग्लंडमधील मित्रांनी १८४६ मध्ये दीडशे पौंड जमवून मालकाला दिले, तेव्हा कागदोपत्री त्याची सुटका झाली. त्यावरही वाद झाला. पैसे देऊन सुटका करून घेणे म्हणजे माणूस विकता येतो हे मान्य करणेच नव्हे काय, असा आक्षेप त्याच्या काही सहकाऱ्यांनी घेतला. बारा वर्षांचे मूलही हा प्रश्न समजू शकते आणि त्यावर वाद घालू शकते.

लहानग्या वाचकांचा निरोप

हॅरिएट बीचर स्टो यांची कादंबरी प्रथम वॉशिंग्टनमधील ‘नॅशनल इरा’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. जून १८५१ मध्ये पहिले प्रकरण आले आणि एप्रिल १८५२ मध्ये शेवटचे. घरात दिवा लागल्यावर कुटुंबातील कोणी तरी मोठ्याने वाचावे आणि मुलांनीही ते ऐकावे, अशी तेव्हाची पद्धत होती. लेखिकेला याची जाणीव होती. अखेरच्या भागात तिने ही कथा ऐकणाऱ्या लहान मुलांचा वेगळा निरोप घेतला. गरिबांविषयी आणि पीडितांविषयी कळवळा बाळगा, मोठे झाल्यावर त्यांच्यासाठी जे करता येईल ते करा आणि रंगामुळे कोणत्याही मुलाला शाळेबाहेर ठेवू देऊ नका, अशा आशयाचे ते बोल होते.

मार्च १८५२ मध्ये कादंबरी पुस्तकरूपाने आली आणि पहिल्याच वर्षात एकट्या अमेरिकेत तिच्या सुमारे तीन लाख प्रती खपल्या. लगेच मुलांसाठी सचित्र संक्षिप्त आवृत्त्या निघाल्या. खेळ, गाणी, बाहुल्या निघाल्या. करुणेचाही बाजार भरला. फ्रान्सिसची काळी बाहुली अशाच वातावरणात घराघरांत पोहोचली होती.

आता फ्रान्सिसच्या खेळाकडे पुन्हा पाहावे. तो क्रूरपणा होता काय? लहान मूल कथा केवळ ऐकत नाही, ते ती करून पाहते. राम-रावणाच्या खेळात कोणाला तरी रावण व्हावेच लागते. परंतु इथे एक अडचण आहे. त्या गोऱ्या मुलीला खेळण्यासाठी मिळालेली काळी बाहुली मुकी होती. तिच्या वाट्याला मार खाणे एवढेच आले होते. कादंबरीने टॉमला सहनशील, क्षमाशील, जवळजवळ संत बनविले होते. मुलीला त्याची कीव आली. पण कीव ही नेहमी वरून खाली येते. ज्याची कीव येते त्याच्या जागी स्वतःला ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती अधिक अवघड आहे.

उंच फळीवरचे पुस्तक

हीच कादंबरी सुमारे आठ दशकांनंतर न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील एका काळ्या मुलाच्या हाती पडली. जेम्स बाल्डविन हे त्याचे नाव. जन्म १९२४ चा. नऊ भावंडांतील हा थोरला. एका हाताने धाकट्या भावंडांना सांभाळायचे आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरायचे, असे त्याचे बालपण गेले. ‘अंकल टॉम्स केबिन’ तो इतक्या वेळा, इतक्या झपाटल्यासारखा वाचू लागला की आईला काळजी वाटू लागली. तिने ते पुस्तक उंच फळीवर लपवून ठेवले. मुलाने ते शोधून काढले आणि पुन्हा वाचले.

फ्रान्सिसची आई दारात थबकली होती आणि जेम्सच्या आईने पुस्तक लपविले. दोघींच्या मनातील भीती एकाच जातीची होती. या पुस्तकात असे काय आहे की आपले मूल आपल्याला अनोळखी वाटू लागले आहे?

जेम्स त्या पुस्तकात नेमके काय शोधत होता, हे त्याला तेव्हा सांगता आले नसते. १९४९ मध्ये, वयाच्या पंचविशीच्या आत, त्याने या कादंबरीवर एक परखड निबंध लिहिला आणि बालपणीच्या त्या वाचनाचा हिशेब मांडला. या कादंबरीत अश्रू पुष्कळ आहेत, पण माणूस पुरा नाही, हा त्याच्या टीकेचा गाभा होता. गुलामाला मनुष्यत्व मिळवून देण्यासाठी लेखिकेला त्याला संत करावे लागले. साध्या, रागावणाऱ्या, चुकणाऱ्या, हसणाऱ्या माणसाला मुक्तीचा हक्क आहे हे तिला दाखविता आले नाही. पुढे अमेरिकेतील काळ्या समाजात ‘अंकल टॉम’ हे नाव लाचारीचे विशेषण होऊन बसले, त्यामागेही हीच भावना आहे.

एकच पुस्तक, दोन मुले. एकीने त्याचा खेळ केला आणि पुढे कथालेखिका झाली. दुसऱ्याने त्याच्याशी भांडण मांडले आणि पुढे विसाव्या शतकातील श्रेष्ठ निबंधकारांत गणला गेला. पुस्तक निर्दोष होते म्हणून हे घडले नाही. ते वाचले गेले, पुन्हा वाचले गेले आणि त्याविषयी मनात खळबळ झाली, म्हणून घडले.

खतावणीतील माणसे

गेल्या पन्नास-साठ वर्षांत मुलांसाठी लिहिल्या गेलेल्या या विषयावरील पुस्तकांनी बाल्डविन यांचा आक्षेप पुष्कळ अंशी मनावर घेतलेला दिसतो. त्यांतील काहींचा उल्लेख पालकांना उपयोगी पडेल.

अ‍ॅशली ब्रायन या ज्येष्ठ चित्रकाराच्या हाती १८२८ सालचा एक कागद आला. एका मृत जमीनदाराच्या मालमत्तेच्या मूल्यांकनाची ती यादी होती. गाई, डुकरे, कापूस, आणि त्याच ओळीत अकरा माणसे. प्रत्येकापुढे रकमेचा आकडा. ज्यांनी आयुष्यभर कीर्द-खतावणी पाहिली आहे त्यांना त्या यादीतील सुबकपणाच अधिक भयंकर वाटेल. बेरीज बरोबर होती, नोंद नियमानुसार होती, चूक कोठेच नव्हती. ब्रायन यांनी ‘फ्रीडम ओव्हर मी’ या सचित्र पुस्तकात त्या अकरा जणांना वय दिले, कसब दिले आणि प्रत्येकाला एक स्वप्न दिले. २०१७ मध्ये या पुस्तकाला न्यूबेरी सन्मान मिळाला. आठ-दहा वर्षांचे मूल ते सहज वाचू शकते आणि त्यातील आकड्यापुढे थांबून राहते.

हा केवळ कल्पनेचा विषय नाही. जेपी मॉर्गन चेस या अमेरिकेतील बलाढ्य बँकेने २००५ मध्ये जाहीर माफी मागितली. पुढे या बँकेत विलीन झालेल्या लुइझियानातील दोन जुन्या बँकांनी १८३१ ते १८६५ या काळात सुमारे १३ हजार गुलाम कर्जासाठी तारण म्हणून स्वीकारले होते. कर्जे थकली तेव्हा त्यांतील साधारण १,२५० माणसे बँकांच्याच मालकीची झाली होती. जमीन, सोने, माल यांप्रमाणे माणूस तारण ठेवला गेला आणि ते कागद कोणा तरी सज्जन, नेमस्त कारकुनाने नीटनेटके लिहिले. ब्रिटनने १८३३ च्या कायद्याने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी संपविली तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई दिली. ती मालकांना, गुलामांना नव्हे.

लॉरी हाल्स अँडरसन यांच्या ‘चेन्स’ (२००८) या कादंबरीत तेरा वर्षांची इझाबेल आहे. मालकिणीने मृत्युपत्रात तिला आणि तिच्या धाकट्या बहिणीला मुक्त केले आहे. पण मालकिणीचा वारस ते मानण्यास नकार देतो आणि दोघींना विकून टाकतो. वर्ष १७७६ चे आहे. न्यूयॉर्कमध्ये साऱ्यांच्या तोंडी स्वातंत्र्याचीच भाषा आहे, आणि त्या स्वातंत्र्यात इझाबेलला जागा नाही. क्रिस्टोफर पॉल कर्टिस यांच्या ‘एलायजा ऑफ बक्स्टन’ (२००७) मध्ये कॅनडातील मुक्त वसाहतीत जन्मलेला अकरा वर्षांचा एलायजा आहे. १८४९ मध्ये वसलेली बक्स्टन ही वसाहत खरीच होती. या कथेत एक गृहस्थ बायकामुलांना विकत घेऊन सोडविण्यासाठी पै-पै साठवितो आणि दुसराच त्या पैशाचा अपहार करतो. एलायजा अखेरीस साखळदंडांतील साऱ्यांना वाचवू शकत नाही. एका तान्ह्या बाळाला मात्र सीमेपार नेऊ शकतो. हे पुस्तक वाचून मूल रडते; पण त्या रडण्यात कीव कमी आणि हतबलता अधिक असते. ‘बाकीच्यांचे काय झाले?’ हा प्रश्न ते बाळगून राहते.

उलट उदाहरणही आहे. ‘अ बर्थडे केक फॉर जॉर्ज वॉशिंग्टन’ हे सचित्र पुस्तक जानेवारी २०१६ मध्ये बाजारात आले आणि काही दिवसांतच प्रकाशकाने ते मागे घेतले. राष्ट्राध्यक्षांचा गुलाम आचारी हर्क्युलिस आणि त्याची मुलगी आनंदाने हसत वाढदिवसाचा केक करीत आहेत, असे त्यात चितारले होते. प्रत्यक्षात हर्क्युलिस वॉशिंग्टन यांच्याकडून पळून गेला, तो दिवस होता २२ फेब्रुवारी १७९७, म्हणजे वॉशिंग्टन यांचा पासष्टावा वाढदिवस. मुलांना त्रास होऊ नये म्हणून सत्य गोड करावयास गेले, की ते असे असत्य होते.

मुंबईच्या वहीतील जमा

हे सारे दूरदेशीचे आहे, असे म्हणावयास आपल्या व्यापारी इतिहासात मात्र जागा नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांत येणारा कापूस तीन-चतुर्थांशांहून अधिक अमेरिकेच्या दक्षिणेतील गुलामांनी पिकविलेला असे. १८६० च्या शिरगणतीनुसार तेथे ३९,५३,७६० माणसे गुलामीत होती. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेची बंदरे रोखली गेली आणि मँचेस्टरच्या गिरण्या थंडावल्या. फ्रान्सिसच्या आईचे दुकान त्याच मंदीत बुडाले आणि १८६५ मध्ये ते कुटुंब गाव सोडून अमेरिकेस गेले.

त्याच वर्षांत मुंबईत सोन्याचा पाऊस पडत होता. खानदेश, वऱ्हाड, गुजरात येथील कापसाला न भूतो असा भाव आला. युद्ध लांबल्याची बातमी आली की भाव चढत, तहाची वार्ता आली की उतरत. बँका, वित्तसंस्था, भरावाच्या कंपन्या रोज निघत. बॅक बेच्या भरावाचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. या तेजीचे अनभिषिक्त राजे होते सुरतेहून आलेले जैन व्यापारी शेठ प्रेमचंद रायचंद. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने शरणागती पत्करली. चाळीस लाख माणसांच्या मुक्तीची ती वार्ता मुंबईत पोहोचली ती कापसाच्या कोसळत्या भावाच्या रूपाने. १ जुलै १८६५ रोजी मुदतीच्या सौद्यांचे देणे आले आणि कित्येक पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद शेठही त्यातून सुटले नाहीत. पुढे धीराने ते पुन्हा उभे राहिले. तेजीच्या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून ग्रंथालय आणि मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. १८७८ मध्ये तो पूर्ण झाला. दृष्टी गेलेल्या राजाबाईंना सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ घंटानादाने कळावी, अशी त्यामागची आख्यायिका घरोघर सांगितली जाते.

यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. मुंबईच्या व्यापाऱ्याने गुलाम ठेवले नव्हते, आणि खानदेशच्या शेतकऱ्याने कोणावर आसूड उगारला नव्हता. तरीही जगाचा व्यापार एकाच सुताने बांधलेला असतो, हे मुलांना समजावून देण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे. राजाबाई टॉवर दाखवावयास नेलेल्या मुलाला मातृभक्तीची कथा जरूर सांगावी, आणि त्या कापसाची कथाही सांगावी.

महाराष्ट्रात या मुक्तीचा दुसराही अर्थ लावला गेला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ते अर्पण केले. दूरच्या देशातील मुक्तीकडे पाहून त्यांनी आपल्या समाजातील बंधने मोजली. वेठबिगारी रद्द करणारा कायदा भारतात १९७६ मध्ये करावा लागला, हे ध्यानात घेतले तर ही मोजणी अनाठायी नव्हती.

मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना गुलामगिरीची पहिली ओळख झाली ती मात्र वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या चरित्रातून. १९८१ मध्ये आलेले हे पुस्तक आजही घराघरांत वाचले जाते. तान्ह्या जॉर्जला आणि त्याच्या आईला टोळीने पळविले. आई पुन्हा कधी सापडली नाही, आणि बाळ परत मिळाले ते एका घोड्याच्या बदल्यात. मोठेपणी मुले कार्व्हरचे भुईमुगावरील प्रयोग विसरतात. पण तो घोडा विसरत नाहीत.

चंदनबालेचे सूप

जैन घरातील मुलाला तर ही कथा नवखी वाटण्याचे कारणच नाही. श्वेतांबर परंपरेतील चंदनबालेची कथा आजीच्या तोंडून त्याने ऐकलेली असते. चंपानगरीची राजकन्या वसुमती कौशांबीच्या बाजारात विकली जाते. धनावह शेठ तिला विकत घेऊन लेकीप्रमाणे वागवितात. त्यांची पत्नी मूला मत्सराने तिचे केस कापते, पायांत बेड्या घालते आणि तिला कोंडून ठेवते. पाच महिने पंचवीस दिवसांच्या उपवासानंतर भगवान महावीर तिच्या सुपातील उडदाचे बाकळे स्वीकारतात. पुढे हीच चंदनबाला साध्वीसंघाची प्रमुख होते.

ही कथा सांगताना भर असतो तो प्रभूंच्या अभिग्रहावर आणि तपावर, आणि ते योग्यच आहे. परंतु मूल कधी तरी विचारते, “त्या बाजारात आणखी मुली असतील ना? त्यांचे काय झाले?” एलायजाची कथा वाचून येणारा प्रश्नही हाच आहे. त्याला उत्तर नसले तरी चालेल. त्याला गप्प मात्र करू नये. अहिंसेचे व्रत आणि परिग्रहाची मर्यादा ज्या घरात शिकविली जाते, तेथे माणसाच्या परिग्रहाचा प्रश्न निघणे हे त्या शिकवणीचेच फळ आहे.

मोठ्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे पुस्तक आधी स्वतः वाचावे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ब्रायन यांचे सचित्र पुस्तक पुरेसे आहे. एलायजाची कथा अकरा-बाराव्या वर्षी आणि इझाबेलची त्यानंतर द्यावी. तिच्यातील डागण्या देण्याचा प्रसंग लहान मुलांना सोसणारा नाही. ‘अंकल टॉम्स केबिन’ दिल्यास पंधरा-सोळाव्या वर्षी द्यावे आणि बाल्डविन यांचा आक्षेपही सांगावा. थोर पुस्तकालाही उणीव असू शकते, हे त्या वयात कळणे हिताचे असते.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘यातून काय बोध घेतलास?’ असे लगेच विचारू नये. ‘तू कोणाच्या जवळ उभा होतास?’ असे विचारावे. मूल गुलामाजवळ असेल, पळणाऱ्याजवळ असेल, पाव देऊन धडा शिकविणाऱ्या गल्लीतील पोरांजवळ असेल. क्वचित ते यादी लिहिणाऱ्या कारकुनाजवळही असेल. त्याने तसे सांगितले, तर दचकू नये. व्यापारी घरातील मुलाला पुढे जन्मभर यादी, भाव आणि नफा यांच्याशीच गाठ घालावयाची आहे. त्या यादीत काय लिहू नये, याचा विचार त्याने लवकर केलेला बरा.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रश्न दुकानापर्यंत येऊ द्यावा. आपल्याकडे येणारा माल कोण करतो, त्याला वेळेवर दाम मिळतात का, दुकानात पहाटे शटर उघडणाऱ्या मुलाचे वय किती, तो शाळेत जातो का, हे प्रश्न मुलांनी वडिलांना विचारले तर ते उद्धटपणाचे समजू नयेत. हिशेबाची वही प्रामाणिक असणे आणि तिच्यातील व्यवहार न्याय्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८२८ च्या त्या यादीत पहिली गोष्ट होती.

फ्रान्सिसच्या आईने त्या दिवशी मुलीला शिक्षा केली नाही. पुस्तकही काढून घेतले नाही. ती चकित झाली, दुःखी झाली, आणि दुकान सांभाळणाऱ्या त्या विधवेचा दिवस पुढे चालू राहिला. मुलीला मात्र आईचा तो चेहरा इतका लक्षात राहिला, की चार दशकांनंतर आठवणी लिहिताना तिने त्याची नोंद केल्यावाचून राहवले नाही.